पहिल्या सीझनची कबुतरांची पिल्लं, दुसऱ्याच टॉसला पाच गायब. कुठं चुकलं?

सोलापुरी_होमर
नमस्कार मंडळी. सोलापुरात विजापूर रोडला राहतो, होमर (लांब नेऊन सोडली तरी घरी परत येणारी रेसची कबुतरं) पाळायला लागून दोन वर्षं झाली पण घरच्या जोड्यांची पिल्लं रेससाठी तयार करायची ही पहिलीच वेळ. ऑगस्टमधे निघालेली 14 पिल्लं, सातव्या दिवशी पायात रिंगा घातल्या, महिन्याची झाल्यावर आईबापापासून वेगळी केली, सगळं नीट चाललेलं. तीन आठवडे ढाबळीवरनं (कबुतरांच्या खुराड्यावरनं) उडवत होतो, सकाळी वीसेक मिनिटं घराभोवती घिरट्या मारायची मग शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायची आणि तिथनं मनाला येईल तेव्हा आत. मागच्या बुधवारी पहिला टॉस (सरावासाठी लांब नेऊन सोडणं) केगावला दिला, दहा किलोमीटर धरा, सगळी आली (दोन संध्याकाळी आली पण आली). रविवारी मित्राची गाडी पुण्याला चालली होती, म्हटलं आयती सोय आहे तर मोहोळला सोडू, 30 किलोमीटर म्हणजे होमरला काय. सात वाजता हायवेच्या कडेला गाडी लावली, ढग होते थोडे, बास्केटचं दार उघडलं आणि गेली सगळी भर्रकन, दोन-तीन चकरा मारल्या आणि सोलापूर सोडून टेंभुर्णीच्या बाजूला जाताना दिसली. तिथंच पोटात गोळा आला.
त्या दिवशी 6 आली, सोमवारी दुपारपर्यंत अजून 3. बाकी 5 चा पत्ता नाही, त्यात माझी लाल चेकर (पंखावर लाल चौकटींची नक्षी असलेली) मादी पण आहे, सगळ्यात हुशार तीच वाटायची. आमच्या ग्रुपची पिल्लांची पहिली रेस जानेवारीत टेंभुर्णीवरनं आहे. आता राहिलेल्या 9 ला पुढं न्यायचं का थांबायचं? दाणा सांगायचा तर ज्वारी, मका, हरभरा, थोडी करडई. आदल्या रात्री पोटभर दिलेला आणि सकाळी निघताना पण मूठभर टाकला, लांब जायचंय उपाशी कसं न्यायचं म्हणून.

बे_काय_म्हणतो
बे मोहोळला तू काय खाल्लं ते सांग आधी 😂 मस्करी सोड, वाईट वाटलं. माझी गेल्या वर्षी एका टॉसला सात गेलेली, घरात दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो.

ढाबळमामा
अरे बाळा रागावू नको पण तुझी पाच पिल्लं मोहोळला हरवलेलीच नाहीत, ती तुझ्या शेजाऱ्याच्या टाकीवर हरवलीत. सांगतो कसं ते. वीस मिनिटं घराभोवती घिरट्या म्हणजे त्यांनी अजून घर सोडलेलंच नाही. पिल्लांना एकदा पंखात वारं भरलं की ती थव्यानं निघून जातात, दिसेनाशी होतात, अर्धा तास, पाऊण तास, कधी दीड तास येत नाहीत आणि पहिल्यांदा असं झालं की पाळणाऱ्याचा जीव जातो. पण तेच पाहिजे असतंय, त्या फिरण्यातच त्यांना घराच्या चारी बाजूचा दहा-पंधरा किलोमीटरचा मुलूख कळतो. आठ-दहा दिवस रोज अशी गायब होऊन परत आली की मग बास्केट काढायची, तोपर्यंत टॉसचं नाव नाही. तुझी केगाववरनं आली ती नशिबानं.
दुसरं दाणा. भरल्या पोटाचं पिल्लू घरी का येईल? त्याला घरी काय काम आहे? जिथं सावली दिसली तिथं बसणार. रोजचा दाणा एका पाखराला 30 ग्रॅमच्या आसपास धर, 9 पिल्लांना पाव किलोच्या थोडं वर, उडवायच्या दिवशी सकाळी चिमूटभर सुद्धा नाही, उडून आत आल्यावर थोडा आणि खरं जेवण संध्याकाळी. उपाशी मारायची नाहीत हे लक्षात ठेव, हाताला छातीचं हाड टोचायला लागलं तर तू जास्त ओढतोयस. मी दाण्यात थोडे जव मिसळतो, कबुतराला जव सगळ्यात नावडता, ज्या दिवशी भांड्यात जव शिल्लक राहिले त्या दिवशी समजायचं पोट भरलं, भांडं उचलायचं. वजनकाट्यापेक्षा हे बरं.
आणि डबा. माझ्याकडं डालड्याचा जुना पत्र्याचा डबा आहे, आत मूठभर मका, तो खुळखुळ वाजवला की छपरावरची पाखरं अशी पडतात आत जशी कुणी वरनं ओतली. पिल्लं विणीच्या खणातनं वेगळी केली त्या दिवसापासनं डबा वाजवल्याशिवाय दाणा टाकलेला नाही. तू शिट्टी मार, डबा वाजव, काहीही कर पण रोज एकच आवाज. टाकीवर बसायची सवय रेसमधे किती महाग पडते बघ. टेंभुर्णी तुला हवाई 85 किलोमीटर धरलं आणि पाखरू 75 मिनिटात घरावर आलं तर मिनिटाला 1133 मीटर पडतात. तेच पाच मिनिटं टाकीवर बसून आत आलं तर 1062. सत्तर मीटर गेले बसल्याबसल्या, तेवढ्यात पाचसहा जणांची पाखरं पुढं जातात.

पारवा_कोल्हापूर
मामांशी निम्मा सहमत. फिरायला लागायच्या आधी टॉस नको हे बरोबर पण अंतराची उडी पण नडलीच ना, दहावरनं एकदम तीस. मी दहालाच तीन वेळा सोडतो, सोडल्यावर वर एक चकरा मारून सरळ रेघेत घराकडं जायला लागली की मगच पुढं. मग पंधरा, वीस, तीस, पंचेचाळीस. तुमच्याकडं तर पुणे रोड जवळपास सरळच आहे, केगाव, पाकणी, सावळेश्वर, मोहोळ एकाच लायनीत, आमच्यासारखे डोंगर मधे नाहीत. तीसच्या पुढं गेली की पिल्लांना जोर धरतो, तिथनं मोठ्या उड्या चालतात. सगळी लायन रेसच्या बाजूनंच ठेव, आज पुणे रोड उद्या अक्कलकोट रोड असं पहिल्या वर्षी नको.
अजून एक कुणी बोललं नाही ते म्हणजे बास्केट. पिल्लांना पहिल्यांदा बास्केट दाखवायची ती घरीच, रात्रभर त्यात ठेवायची, बाहेर पाण्याचं भांडं लटकवायचं. पाणी कुठनं प्यायचं हे पिल्लाला माहीत नसतं, रेसला बास्केटमधे दिवस काढावा लागला तर तहानेनं सुकून जातं आणि मालक म्हणतो पाखरूच खराब होतं. सोडायच्या जागी पोचल्यावर वीस मिनिटं तरी बास्केट तशीच ठेवायची, गाडीतनं उतरलं की उघडलं असं नाही. आजूबाजूला बघू दे त्यांना, श्वास खाली बसू दे. आणि हायवेच्या कडेला तारा असतात, शेतात आत जा दोनशे मीटर.

सोलापुरी_होमर
उघडलं ते उतरल्या उतरल्याच 😔 मित्र हॉर्न मारत होता, त्याला पुण्यात दहाला पोचायचं होतं.

बे_काय_म्हणतो
मग त्या मित्राला पण एकदा मोहोळला सोड आणि बघ किती वाजता येतोय

गच्चीवरचा_मास्तर
मी प्राणीशास्त्र शिकवतो, सहा होमर आहेत, रेस वगैरे करत नाही. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. एक ते ढग. होमर सूर्य बघून दिशा धरतो, ढगात चुंबकीय दिशा वापरतो. कॉर्नेलच्या विल्यम कीटन यांनी 1971 मधे पाखरांच्या पाठीवर छोटे लोहचुंबक चिकटवून सोडली होती, सरावलेली पाखरं उन्हात आली पण ढगात भरकटली. त्यात पहिल्यांदा उडणारी पिल्लं जास्त कच्ची, त्यांना सूर्य लागतोच. म्हणून पहिले सात-आठ टॉस निरभ्र सकाळी द्या, ऊन चांगलं वर आल्यावर, सातला घाई कशाला.
दुसरी वाऱ्याची. तुमची ढाबळ कशी आहे, बंदिस्त आहे का? विचारतो कारण इटलीत फ्लोरिआनो पापी यांनी 1972 च्या सुमारास मांडलं की कबुतर वाऱ्यावरच्या वासांचा नकाशा बनवतं, कुठल्या बाजूनं वारं आलं की कसला वास येतो हे ते घरी बसल्या बसल्या शिकतं, आणि ते शिकणं पहिल्या काही महिन्यातच होतं. वारा अडवलेल्या पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं लांबनं सोडली तर त्यांना घराची दिशाच धरता आली नाही असे प्रयोग झालेत. यावर शास्त्रज्ञांत अजून भांडणं आहेत पण ढाबळीला वारं लागू देण्यात पैसे जात नाहीत. रस्त्याचं म्हणाल तर ऑक्सफर्डच्या लोकांनी पाखरांच्या पाठीवर जीपीएस बांधून बघितलं, ओळखीच्या भागात ती चक्क रस्ता धरून येतात. तेव्हा पुणे रोडची एक लायन धरायची हा सल्ला नुसता पाळणाऱ्यांच्या अनुभवाचा नाही.

सोलापुरी_होमर
मास्तर तुम्ही माझी ढाबळ बघून गेलात की काय. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली आहे, पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून तिन्ही बाजूनं निळा प्लॅस्टिकचा कागद मारला होता जुलैमधे, तो अजून तसाच. म्हणजे पिल्लं जन्मल्यापासनं त्या निळ्या खोक्यातच. आत्ता वर जाऊन पश्चिमेचा आणि उत्तरेचा काढला, आत इतका धुरळा साठलेला की मलाच खोकला आला.

ढाबळमामा
पूर्वेचा पण काढ, थंडीत आपल्याकडं वारं त्याच बाजूचं असतं. म्हणजे पुणे रोडवरनं येताना तुझ्या पाखरांना समोरनं लागणार ते वेगळं. आणि झाडताना तोंडाला फडकं बांध बाबा, त्या भुकटीनं फुप्फुस जातं, आमच्यातल्या एकाला डॉक्टरांनी पाखरंच सोडायला लावली.

दोन_जोड्या_पुणे
औषधाचं कुणी विचारलं नाही म्हणून. मान वाकडी होण्याच्या रोगासाठी पिल्लांना लस दिलीय का? आपल्याकडं बरेच जण कोंबड्यांचं लासोटा डोळ्यात टाकतात, जनावरांच्या डॉक्टरला विचारून करा. आणि टॉसच्या आधी एकेकाची चोच उघडून घसा बघायचा, आत पिवळं काही चिकटलेलं दिसलं तर ते पाखरू घरीच. पंख पण उघडून बघा, मोठी पिसं बदलत असतात या वयात, शेजारशेजारची दोन पिसं एकदम गळाली असतील तर त्या आठवड्यात लांब नेऊ नका.

सोलापुरी_होमर
लस दिलीय. घसे बघितले, ठीक आहेत. दोघांची पिसं अर्धी आलेली आहेत, ते दोन बाजूला काढले.
आणि मंडळी आज सहाव्या दिवशी लाल चेकर मादी आली!! सकाळी डबा वाजवत होतो (डालड्याचा नाही मिळाला, बिस्किटाचा आहे), बाकीची आत घुसत होती आणि मोजताना एक जास्त आलं, परत मोजलं, परत एक जास्त. कोपऱ्यात पाण्याच्या भांड्याला चिकटून बसलेली, मान वर करेना नुसती पितेय. शेपटीची चार पिसं नाहीत, पाठीवर ओरखडा, हातात घेतली तर कागदासारखी हलकी, छातीचं हाड सुरीसारखं लागतंय. सगळ्यात हुशार म्हणत होतो ती सहा दिवसांनी आली, पण टाकीवर न बसता डायरेक्ट आत आली एवढं खरं. शेजारी म्हणतो शिक्र्याचं काम आहे, रोज समोरच्या कडुलिंबावर बसतो म्हणे, गलोल घेऊन येऊ का विचारतोय. काय करू?

ढाबळमामा
गलोल नको. एक तर शिक्रा मारणं कायद्यानं गुन्हा आहे आणि एक मारला तर आठवड्यात दुसरा त्याच फांदीवर येऊन बसतो. त्याची वेळ बघून ठेव, माझ्याकडचा पहाटे पहिल्या उजेडात आणि संध्याकाळी येतो, तू नऊला सोड. रोज एकाच मिनिटाला सोडू नकोस, तो पण घड्याळ लावून बसतो. जानेवारीत रेसला उजनीच्या बाजूनं येणार म्हणजे बहिरी ससाण्याची पण तयारी ठेव, थंडीत पाण्यावर बदकं उतरली की तो पण येतो. त्याच्यापुढं आपण काय करणार, थव्यानं आली तर बऱ्याच अंशी निभावतं.
मादीला आठ दिवस उडवू नको. आज दाणा कमी, भिजवलेले मूग थोडे थोडे दे, पाण्यात गूळ घाल किंचित. एकदम भरपेट दिलंस तर पचणार नाही. तुटलेली पिसं उपटू नकोस, ज्याचं मूळ निघून गेलंय तिथं नवीन येतं महिन्या-दीड महिन्यात. या जानेवारीला तिला विसर.

पारवा_कोल्हापूर
बाकीच्या साताचं काय ठरवलं?

सोलापुरी_होमर
टॉस बंद. आज कागद काढून तिसरा दिवस, सकाळचा दाणा बंद करून चौथा. नऊला सोडली, नेहमीसारख्या दोन घिरट्या मारल्या आणि मग सगळी एकदम सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला निघाली, लहान होत होत दिसेनाशीच झाली. मी गच्चीवर डबा घेऊन उभा, आई खालनं विचारतेय ऑफिसला जायचं नाही का. 38 मिनिटं झालीत आता, अजून आलेली नाहीत. मामा हे तुम्ही म्हणत होता तेच आहे ना??

ढाबळमामा
तेच आहे. आत्ता डबा वाजवू नकोस, दिसल्यावर वाजव.

सोलापुरी_होमर
52 मिनिटं. सातच्या सात. टाकीवर दोनच बसली.