विषय: कोल्हापुरातील रखडलेली बांधकामे आणि घरांची टंचाई

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

कळंबा, पाचगाव, जिकडे पाहावे तिकडे इमारती उठत असताना बांधकाम महागल्यामुळे कोल्हापुरात घरांची टंचाई आहे, हे मला पटत नाही. बांधकाम महागले तर घर महाग होईल. ते कमी का पडावे? माहीतगारांनी खुलासा करावा.

आपला,
एक राजारामपुरीकर

काका, सादर नमस्कार,

टंचाई मोजायची ती ताबा मिळालेल्या घरांवरून, उभ्या सांगाड्यांवरून नव्हे. सळई, सिमेंट, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि मजुरी वाढली तरी करारातील किंमत बिल्डरला सहसा वाढवता येत नाही. त्यामुळे आधी विकलेल्या सदनिकांवरील नफा आटतो, कामाचा वेग मंदावतो, आणि काम लांबले की कर्जाचे व्याज वाढून खर्च आणखी फुगतो. 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याने ग्राहकांच्या रकमेपैकी 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले, हे योग्यच झाले. परंतु एका प्रकल्पाच्या पैशांवर दुसरा ओढून नेण्याची वाट त्यामुळे बहुतांशी बंद झाली आणि तुटपुंज्या भांडवलावर नवे काम काढणे अवघड झाले.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर लहान सदनिकेतही लागतातच, म्हणून तिचा प्रति चौरस फूट खर्च मोठ्या सदनिकेपेक्षा कमी येत नाही; उलट तिच्या ग्राहकाला कर्ज मात्र बेताचेच मिळते. साहजिकच खर्च वाढला की आराखड्यातून प्रथम वन बीएचके गळतो. त्यात 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवरील जीएसटी 5 टक्के आणि परवडणाऱ्या घरांवर 1 टक्का झाला, तरी साहित्यावर भरलेल्या कराची वजावट बंद झाल्याने तो कर खर्चातच मुरतो.

जमिनीचे तर आपण जाणताच: 1972 साली महापालिका झाल्यानंतर हद्दवाढ वर्षानुवर्षे रखडली, आणि 2019 व 2021 च्या महापुरांनंतर पूररेषेकडे काणाडोळा करणे कुणालाच परवडणारे नाही.

सर्वांत कमी बोलले जाते ते भाडेकरूंविषयी. ताबा लांबलेले कुटुंब हप्ता भरत असतानाच भाड्याचे घरही अडवून बसते. त्या घरात यायला निघालेले कुटुंब दुसरीकडे जास्त भाडे देते. प्रकल्प एक रखडतो, पण अडकतात अनेक.

आपला,
एक शाहूपुरीकर

शाहूपुरीकर, नमस्कार,

भाड्याच्या घरांचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र आपल्याच सभासदांपैकी कित्येकांच्या ताराबाई पार्कातील सदनिका दिवाळीपुरत्या उघडतात. सळईचा दर उतरला म्हणून त्यांची कुलुपे निघणार नाहीत. त्या घरांचा हिशेब आपण कोणत्या बाजूला धरणार?

आपला,
एक राजारामपुरीकर