लेणी 'बांधली' की 'कोरली'?

प्रश्न : जोतिबाहून येताना मुलांना पोहाळ्याची लेणी दाखवली. मुलीनं निबंधात लिहिलं, 'ही लेणी भिक्खूंसाठी बांधली.' मी 'बांधली' खोडून 'कोरली' केलं. आई म्हणाली, "घरच की ते, बांधलं म्हटलं तर काय बिघडलं?" बरोबर काय? आणि दागिन्याचं लेणं नि हे लेणं एकच का?

उत्तर : ताई, 'कोरली'च. बांधताना दगडावर दगड चढतो. इथं अखंड कातळातला नको तेवढा भाग काढायचा; मागं राहतो तो खांब, मागं राहतो तो स्तूप. काम छताकडून खाली उतरतं. अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं अर्धवट लेणं पाहिलं की हे डोळ्यांना दिसतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात मात्र छताखाली खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्यात, तेवढ्या जोडकामाच्या.

दागिन्याचं लेणं 'लेणे' या क्रियापदाचं : काजळ लेणं, कुंकू लेणं. डोंगरातलं लेणं प्राकृत 'लेण', संस्कृत 'लयन' यावरून आलं. रूप एक, कुळं दोन. आणि एकवचनी 'ते लेणं', अनेकवचनी 'ती लेणी'. 'एक लेणी पाहिली' असं सर्रास ऐकू येतं, ते टाळावं.

दुसरं उत्तर : नाशिकच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात 'लेणं कारितं, इमा च पोढियो' असं आहे. लेणं करविलं आणि या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी. 'पाणपोढी' हा शब्द गडकोट हिंडणाऱ्यांच्या तोंडी आजही आहे, किती जुना ते बघा!

पण 'कारितं' वरून निकाल लागत नाही. आपल्या कोल्हापुरात सापडलेल्या स्तूपातल्या दगडी करंड्यावर 'बम्हस दानं धमगुतेन कारितं' असं कोरलंय, आणि तो स्तूप तर रचलेला, म्हणजे बांधलेलाच. लेखात दोन्हींना एकच क्रियापद. बांधणं-कोरणं हा भेद आपली मराठी करते, आणि तो जपावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ती : मग आईचं 'घर' चुकलं म्हणायचं?

दुसरं उत्तर : छे! कार्ल्याच्या लेखात वैजयंती नावाच्या गावच्या भूतपाल श्रेष्ठीनं, म्हणजे सावकारानं, त्या लेण्याला 'सेलघर' म्हटलंय, म्हणजे दगडातलं घर. मुलीला लिहू द्या : 'हे दगडात कोरलेलं घर.' आजीलाही वाचून दाखवा.