मदत हवी: एकही अवयव माहीत नसताना संख्या संयुक्त आहे हे कळतं कसं?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, किराणा दुकान चालवतो. गणित दहावीपर्यंतचं, पुढे उधारीच्या वहीतलं. भाचा बेळगावात पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) करतोय, रविवारी येतो आणि डोक्याला भुंगा लावून जातो. तो कन्नड माध्यमातला, 'अविभाज्य संख्ये' म्हणतो. मी मराठी शाळेतला, 'मूळ संख्या' म्हणतो. पहिली दहा मिनिटं त्यातच जातात.

गेल्या रविवारी त्याने बेळगावचा पिनकोड ५९०००१ सलग शंभर वेळा लिहिला. सहाशे अंकी संख्या! "मामा, अवयव काढा."

अंकांची बेरीज १५००, म्हणजे ३ ने भाग जातो, ९ ने नाही. ५९०००१ ने तर जातोच. मग उरते ती संख्या म्हणजे १ हा अंक शंभर वेळा, मधे पाच-पाच शून्यं. दोन-दोनची जोडी लावली की १०००००१ मिळतो, तो म्हणजे १०१ × ९९०१. भाच्याने पाच-पाचचे गट पाडून ३१, ४१ आणि २७१ पण काढले.

गंमत अशी की ३ नंतर लहानात लहान मूळ अवयव थेट ३१. मधे ७, ११, १३ कुणीच नाही. दहाच्या सहाव्या घाताला यांनी भागलं की बाकी १ उरते, म्हणून त्या शंभर वेळा १ वाल्या संख्येची बाकी १०० च्या बाकीएवढी, आणि १०० ला यांतलं कुणी भागत नाही. पण मूळच्या सहाशे अंकी संख्येतला शेवटचा १ खोडून ३ करा, लगेच ७ ने भाग जातो! यावर मी अर्धा तास घालवला, गिऱ्हाईक ताटकळलं.

इथवर ठीक. आता अडलंय ते सांगतो. २ चा १०४८५७६ वा घात अधिक १, ही ३१५६५३ अंकी संख्या संयुक्त असल्याचं १९८७ मध्ये सिद्ध झालं, पण तिचा एकही अवयव कुणाला सापडलेला नाही म्हणे. पोतं न उघडता आत खडा आहे हे कसं सांगायचं ओ? सोप्या भाषेत कुणी समजावेल का?

प्रतिसाद १
मामा, फर्मा या गणितज्ञाचा नियम बघा. प मूळ असेल आणि २ पेक्षा मोठा असेल, तर २ च्या (प−१) व्या घाताला प ने भागून बाकी १ यायलाच हवी. ९१ घ्या. २ च्या ९० व्या घाताची बाकी ६४ येते. म्हणजे ९१ मूळ नाही. ७ आणि १३ चं नावही घेतलं नाही बघा.

धागाकर्ता
व्वा. पण भाच्याने फोनवरच ३४१ काढला. बाकी १ आली, आणि तो तर ११ × ३१ आहे. फसवलं की ओ!

प्रतिसाद १
भाचा हुशार आहे. बाकी १ आली तर काहीच ठरत नाही. १ सोडून दुसरी आली तरच संख्या नक्की संयुक्त. ३४१ ला २ ऐवजी ३ लावा. तुमच्या त्या अजस्र संख्येलाही ३ चाच घात लावला होता, पेपँ या फ्रेंच गणितज्ञाच्या कसोटीने.

धागाकर्ता
५६ आली. दुकान बंद करून दोनदा तपासलं.