कॉलम दोन्हीकडे आहे, सिंक चालू आहे, तरी जुन्या ओळींत नल का?

अर्धवट_डेटा

मंडळी, दोन्हीकडे पोस्टग्रेस (डेटाबेस सॉफ्टवेअर) १५. मुख्य डेटाबेसवरून रिपोर्टिंगच्या डेटाबेसकडे लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे ओळींतले बदल आपोआप पलीकडे नेणारं सिंक. ऑर्डर्स टेबलला चॅनेल नावाचा कॉलम वाढवायचा होता: टेक्स्ट, नॉट नल (म्हणजे रिकामा चालत नाही), डिफॉल्ट (काही दिलं नाही तर पडणारं मूल्य) 'वेब'. मायग्रेशन, म्हणजे रचना बदलणारी स्क्रिप्ट, आधी मुख्य बाजूला चाललं, क्षणात झालं, आणि तिकडे रिपोर्टिंगचं सिंक थांबलं. लॉगमध्ये दर पाच सेकंदांनी एकच रडगाणं: टार्गेट रिलेशनमध्ये चॅनेल हा कॉलम नाही. मग रिपोर्टिंगवरही कॉलम टाकला गेला, पण नुसता टेक्स्ट, डिफॉल्ट न देता. सिंक आपोआप सुरू झालं, साचलेलं सगळं आलं.

आता खरी गंमत. नव्या ऑर्डरींत चॅनेल बरोबर येतो. जुन्या ऑर्डरींत नल. पण सगळ्यांत नाही! मधूनच एखाद्या खूप जुन्या ऑर्डरीत 'वेब' दिसतं, एखादीत 'अ‍ॅप'. ओळींची संख्या दोन्हीकडे तंतोतंत सारखी, लॅग शून्य, लॉग स्वच्छ. हुकतंय कुठे? टेबल मोठं आहे, पुन्हा अख्खं कॉपी करायची वेळ आणू नका.

धडाधड

ऑल्टर सबस्क्रिप्शन, रिफ्रेश पब्लिकेशन, कॉपी डेटा ट्रू. दोन मिनिटांचं काम.

वॉल_वाचक

धडाधड, त्याने काहीच होणार नाही. रिफ्रेश फक्त पब्लिकेशनमध्ये (मुख्य बाजूने पाठवायच्या टेबलांची यादी) नव्याने आलेली टेबलं कॉपी करतं. ऑर्डर्स आधीपासून आत आहे, त्याला ते हातही लावत नाही. पुन्हा कॉपी करायचीच तर टेबल पब्लिकेशनमधून काढा, रिफ्रेश करा, रिपोर्टिंगवर ट्रंकेट करा, परत घाला, परत रिफ्रेश. आणि तेवढा वेळ रिपोर्ट बघणाऱ्यांना काय सांगायचं तेही ठरवा.

अर्धवट_डेटा, तुमचं सिंक गंडलेलं नाही. लॉजिकल रेप्लिकेशन ओळींमधले बदल नेतं: इन्सर्ट, अपडेट, डिलीट, ट्रंकेट. ऑल्टर टेबल, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी आज्ञा, नेत नाही. आणि डिफॉल्टसकट कॉलम वाढवला तेव्हा मुख्य बाजूला एकही ओळ बदलली नाही. आवृत्ती ११ पासून पोस्टग्रेस असा स्थिर डिफॉल्ट कॅटलॉगमध्ये (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींत) एकदाच लिहून ठेवतो आणि जुनी ओळ वाचताना तो भरून दाखवतो. म्हणून ते क्षणात झालं. पाठवण्यासारखं काही घडलंच नाही, तर पोहोचणार काय?

मग ती मधूनच भरलेली जुनी ओळ? ती त्यानंतर कुणीतरी अपडेट केली असणार. पत्ता बदलला असेल, स्टेटस बदललं असेल. अपडेट झालं की नवी ओळ सगळ्या कॉलमांसकट निघते (टोस्टमध्ये, म्हणजे वेगळ्या साठ्यात गेलेली, न बदललेली मोठी मूल्यं तेवढी वगळून), त्यात चॅनेलही आला. तपासायचं असेल तर भरलेल्या जुन्या ओळींची अपडेटेड अ‍ॅट तारीख बघा, ती मायग्रेशननंतरचीच निघेल.

यातूनच सुटका मिळते. सिंक थांबलं होतं त्या काळातले बदलही मागून क्रमाने आले, चॅनेलसकट. मुख्य बाजूला कॉलम नॉट नल आहे. म्हणजे रिपोर्टिंगवर जिथे नल आहे ती ओळ मायग्रेशननंतर कुणी शिवलेली नाही, आणि मुख्य बाजूला तिचं मूल्य 'वेब'च आहे. तेव्हा तिथल्या तिथेच भरा: अपडेट ऑर्डर्स सेट चॅनेल = 'वेब' व्हेअर चॅनेल इज नल, आयडीच्या पट्ट्या पाडून, दर पट्टीला कमिट. एका दमात केलंत तर ओळींची लॉक धरून बसाल आणि आलेले बदल लिहिणारा अप्लाय वर्कर मागे ताटकळेल.

हे चालतं, कारण डिफॉल्ट स्थिर आहे. तो नाऊ (त्या क्षणाची वेळ) असता तर दोन सर्व्हरवर दोन वेळा पडल्या असत्या. रँडम यूयूआयडी (दर ओळीला वेगळा पडणारा आयडी) असता तर अख्खं टेबल नव्याने लिहिलं गेलं असतं, आणि ते रीराइटही पलीकडे जात नाही. तशा वेळी मुख्य बाजूलाच ओळी स्पर्शून, म्हणजे सेट चॅनेल = चॅनेल करून, पाठवाव्या लागतात.

ट्रिगरवाली

वरचं पटलं, पण थांबा. रिपोर्टिंगवर ऑर्डर्सला अपडेटेड अ‍ॅट लावणारा ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) आहे का? अप्लाय वर्कर रेप्लिका भूमिकेत चालतो, त्यामुळे साधे ट्रिगर तेव्हा उडत नाहीत. तुमच्या हाताने चालवलेल्या अपडेटला मात्र उडतील, आणि लाखो जुन्या ऑर्डरी आजच बदलल्यासारख्या दिसतील. त्या सेशनमध्ये सेशन रेप्लिकेशन रोल आधी रेप्लिका करा. त्याला सुपरयूजर लागतो, किंवा १५ पासून तो सेट करायची परवानगी देता येते.

पडताळणीला ओळींची संख्या कुचकामी आहे, ती तर आत्ताही जुळतेय. आयडीच्या पट्टीवार एमडी५ हॅश (डेटाचा छोटा ठसा) काढून दोन्हीकडे ताडून बघा. त्यात कॉलमांची नावं लिहून घ्या, अख्खी ओळ टेक्स्ट करू नका. रेप्लिकेशन कॉलम नावाने जुळवतं, क्रमाने नाही. दोन्हीकडे क्रम वेगळा असला तर डेटा सारखा असूनही हॅश वेगळा येईल आणि रात्र वाया जाईल.

अर्धवट_डेटा

ट्रिगर होता! वाचलो. पट्ट्यांनी भरलं, हॅश जुळले, मग रिपोर्टिंगवर डिफॉल्टही लावला. आता पुढचं. याच टेबलात एका कॉलमचं नाव बदलायचंय आणि एक जुना कॉलम काढायचाय. आधी कुठे?

वॉल_वाचक

वाढवताना आधी रिपोर्टिंगवर, काढताना आधी मुख्य बाजूला. रिपोर्टिंगवर जास्तीचा कॉलम चालतो, फक्त तो डिफॉल्टशिवाय नॉट नल नको. कमी असलेला चालत नाही.

नाव बदलायला असा सोयीचा क्रम नाही. जुन्या नावाचे बदल वाटेत असतानाच रिपोर्टिंगवर नाव बदललंत तर तीच एरर परत. एक तर लिहिणं थांबवून सगळं पोहोचू द्या आणि दोन्हीकडे एकदम बदला, नाही तर नव्या नावाचा कॉलम वाढवून, भरून, जुना काढा. मी दुसरा मार्ग घेतो. लांबचा आहे, पण कुणाला थांबवावं लागत नाही.

मुख्य बाजूच्या डिस्कवरही लक्ष असू द्या. सिंक थांबलं की स्लॉट (रिपोर्टिंग कुठवर पोहोचलं त्याची खूण) वॉल, म्हणजे बदलांची नोंदवही, धरून ठेवतो, आणि मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझचं मूळ मूल्य उणे एक, म्हणजे मर्यादाच नाही. मर्यादा घातलीत आणि ती ओलांडली तर डिस्क वाचते, पण स्लॉट लॉस्ट होतो आणि मग अख्खी कॉपी खरोखरच करावी लागते. मी मर्यादा सैल ठेवतो आणि अलार्म तिच्या बराच आधी लावतो.