पूररेषेजवळचा रिसेल फ्लॅट घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रोडला, मुठेच्या अंगाला एक टू बीएचके बघितलाय. तिसरा मजला, हवेशीर, आईला देऊळ-भाजी चालत जाण्याइतकं जवळ. भावही आजूबाजूच्या मानाने बराच कमी. तिथेच पाल चुकचुकली.

एजंट म्हणतो, "पाणी गेटपर्यंतच येतं हो." पण पार्किंगची भिंत कमरेपर्यंतच नव्याने रंगवलेली, आणि मीटरच्या पेटीचे खालचे स्क्रू पार गंजलेले. जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्याच एकता नगरीत पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंच.

पूररेषांपैकी निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या, एवढं कळलं. ही इमारत नेमकी कुठे बसते हे पालिकेच्या झोन दाखल्यावर येतं, की पाटबंधारे खात्याकडेच जावं लागतं? निळ्या रेषेच्या आत निघाली तर पुढे रिडेव्हलपमेंटचं काय? कर्जाला बँकेने अडवलं का कुणाला? आणि अशा भागातला फ्लॅट कुणी विकला असेल, तर भाव किती पाडून मागतात?

टोकन रविवारी द्यायचंय.