एनएचएल १५: दुखणं दिसण्यात नव्हतंच

‘एनएचएल १५’ या आइस हॉकीच्या व्हिडिओ गेमबद्दल ‘ग्राफिक्स एवढे सुधारले, मग ओरड कशाला?’ असं विचारलं जातं, आणि हा प्रश्न रास्त आहे. पकची, म्हणजे चेंडूऐवजी असलेल्या चपट्या चकतीची, नवी फिजिक्सही खरोखर चांगली होती. पण सप्टेंबर २०१४ मध्ये गेम आला तेव्हा पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या तेव्हाच्या नव्या कन्सोलवर ईएएसएचएल, म्हणजे मित्रांनी क्लब काढून खेळायचा मोड, गायब होता, ऑनलाइन लीगमध्ये संघ चालवायचा जीएम कनेक्टेड मोडही. जुन्या पीएस३वर मात्र दोन्ही शाबूत! सगळ्यात वाईट हाल ‘बी अ प्रो’चे, म्हणजे एकाच खेळाडूची कारकीर्द खेळायच्या मोडचे. थेट पुढच्या शिफ्टवर, म्हणजे आपल्या खेळाडूच्या बर्फावर उतरायच्या पुढच्या पाळीवर, जायची सोयच काढून टाकलेली. चौथ्या लाइनचा, म्हणजे सगळ्यात कमी खेळवल्या जाणाऱ्या फळीतला, फॉरवर्ड ६० मिनिटांच्या सामन्यात साधारण १० मिनिटं बर्फावर असतो; उरलेला वेळ बाकावरून नुसतं बघत बसायचं. ऑनलाइन टीम प्ले नंतर पॅचमधून आला, ईएएसएचएलसाठी मात्र ‘एनएचएल १६’ची वाट पाहावी लागली.