माशांच्या औषधाला अनुदान नको, रोगाला टिकणारं बीज द्या. पटतंय का?

बोटुकली_नागपूर

शेततळ्यांवरच्या मागच्या चर्चेत बहुतेकांनी मागणी केली की माशांच्या औषधांवर सरकारने अनुदान द्यावं. मी म्हणतो, त्याऐवजी रोगाला टिकणारं बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, द्या. रोहूच्या अंगावर लाल चट्टे, शेपटी झडणं, ऊ लागणं हे नेहमीचंच, आणि औषध महाग. मला विचाराल तर हा पैसा अक्षरशः पाण्यात ओतणं आहे.

तळं एक, पाणी एक, खाद्य एक, तरी साथ आली की सगळे मासे मरत नाहीत. जे वाचतात त्यांतले काही नशिबाने वाचतात, पण काही आईबापांकडून आलेल्या गुणामुळे. हा गुण मोजता येतो आणि पुढच्या पिढीत वाढवताही येतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सामन माशाचं. आयपीएन नावाच्या रोगाचा विषाणू नॉर्वे आणि स्कॉटलंडमधल्या सामनची पिल्लं मारायचा. 2008-09 च्या सुमारास दोन्ही देशांतल्या संशोधकांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट शोधली: या रोगाला टिकण्यातला अनुवंशिक फरक बहुतांशी गुणसूत्रावरच्या एकाच जागेवरून ठरतो. तिथला चांगला प्रकार बाळगणारे नर-मादी निवडून त्यांची अंडी विकायला सुरुवात झाली. नॉर्वेत 2009 मध्ये या रोगाचे उद्रेक 200 च्या वर नोंदले गेले होते, 2015 पर्यंत ते 30 च्या आसपास आले. त्याच वर्षी त्या जागेवरचं जनुकही सापडलं. पेशीच्या बाहेरच्या बाजूला असणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन ते बनवतं आणि विषाणू त्यालाच धरून आत शिरतो. चांगल्या प्रकारात ही पकड नीट बसत नाही. यात बाहेरचं जनुक कुठेही घातलेलं नाही. माशाच्या पराचा तुकडा तपासायचा आणि कुठले मासे प्रजननाला ठेवायचे ते ठरवायचं, बस.

जपानने याच्याही आधी हे केलं होतं. तिथल्या फ्लाउंडर माशाला लिम्फोसिस्टिस हा विषाणूचा रोग होतो, त्यावर मार्कर, म्हणजे गुणसूत्रावरची ओळखखूण, पाहून निवडलेले मासे 2007 पर्यंत तयार झाले होते.

आपल्याकडे काय? भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनावरच्या संस्थेने 1992 मध्ये नॉर्वेच्या मदतीने रोहूची निवड-पैदास सुरू केली. 1997 मध्ये ‘जयंती’ रोहू आला, ज्याची वाढ पिढीमागे साधारण 17 टक्क्यांनी सुधारत गेली. पुढे याच साठ्यात एरोमोनास जिवाणूला, म्हणजे लाल चट्ट्यांमागच्या एका मुख्य कारणाला, टिकणाऱ्या आणि न टिकणाऱ्या वेगळ्या ओळी तयार केल्या. मुद्दाम लागण करून पाहिलं तेव्हा टिकणाऱ्या आईबापांची पिल्लं स्पष्टपणे जास्त वाचली. म्हणजे रस्ता आहे, आपण त्यावरून चालत नाही आहोत.

पशू आणि मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरात आहे, मत्स्य महाविद्यालय आहे. इथे जयंतीचे प्रजनक, म्हणजे पैदाशीचे नर-मादी, ठेवावेत, विदर्भातल्या हॅचऱ्यांना (बीज तयार करणाऱ्या केंद्रांना) द्यावेत आणि औषधाचे पैसे तिकडे वळवावेत. बोला.

पऱ्हाटी

बोलतो. आम्ही कापूसवाले आहोत, ‘टिकणारं बियाणं’ हा शब्द आम्हाला नवा नाही. 2002 मध्ये बीटी कापसाचं बियाणं आलं, 2006 मध्ये दोन जनुकांचं आलं. बोंडअळीची कटकट संपली असं इथल्याच माणसांनी आम्हाला सांगितलं. 2017 मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडंच्या बोंडं पोखरली, आणि फवारणीच्या विषबाधेने यवतमाळात माणसं गेली. किडीला बीटी पचलं. माशांच्या जंतूला तुमचं बीज पचणार नाही, याची हमी कोण देतो? शिवाय एकदा बीज कंपनीच्या हाती गेलं की दरवर्षी पाकीट. आज पऱ्हाटी, उद्या रोहू.

बोटुकली_नागपूर

@पऱ्हाटी, राग समजतो, पण दोन गोष्टी एका गाठोड्यात बांधू नका. बीटीमध्ये जिवाणूचं जनुक झाडात घातलं, झाड स्वतः विष तयार करतं आणि अळीवर त्याचा सतत दाब येतो. इथे रोहूतलाच जुना फरक आहे, जो आजही आपल्या तळ्यात पोहतोय. फक्त कोणाचं कुणाशी लावायचं ते आपण ठरवतो. तुमचे आजोबा बैलाची निवड करायचे, तेव्हा कंपनीला विचारायचे नाहीत.

पाकिटाचंही तेच. बीटी संकरित आहे, म्हणून दरवर्षी घ्यावं लागतं. निवडलेला रोहू तसा संकरित नाही, त्याची पिल्लं पुढे वाढवता येतात. अट एकच, की हॅचरीवाल्याने पुरेसे नर-मादी ठेवावेत.

सूक्ष्मदर्शी

मी रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे दोघांनाही थोडं टोचतो.

बोटुकली, तुम्ही आयपीएनची गोष्ट अर्धीच सांगितली. 2021 मध्ये नॉर्वेतूनच एक शोधनिबंध आला: या विषाणूचा नवा प्रकार सापडलाय, आणि तो त्या ‘टिकणाऱ्या’ सामनमध्येही मोठ्या प्रमाणावर मर घडवू शकतो. सगळीकडे एकाच जागेवरचा गुण असलेले मासे पसरले, तेव्हा तो अडसर ओलांडणाऱ्या विषाणूला आयतं रान मिळालं. म्हणजे @पऱ्हाटी यांची भीती कापसापुरती नाही.

पण पऱ्हाटी, यातून निवड वाया गेली असं ठरत नाही. मधल्या वर्षांत जे मासे मेले नाहीत ते खरेच मेले नाहीत. धडा असला तर हा की एकाच जनुकाच्या खुंटीवर सगळं टांगू नये. बहुतेक रोगांत तशी एक मोठी खुंटी नसतेच. जिवाणूजन्य रोगांत बहुधा अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. तिथे एखादा मार्कर पुरत नाही, सगळ्या जीनोमवरचे, म्हणजे माशाच्या पूर्ण जनुकसंचावरचे, हजारो मार्कर एकत्र बघून प्रजननासाठी माशाचं मोल ठरवावं लागतं. हे 2001 मध्ये गायी-पिकांसाठी मांडलं गेलं आणि आता माशांतही वापरतात. मंद चालतं, पण जंतूला एका उडीत ओलांडता येत नाही. खर्च मात्र येतो, आणि दरवेळी शेकडो मासे मुद्दाम आजारी पाडून मोजावे लागतात. ते करायला बंदिस्त, पाणी बाहेर न जाणारी प्रयोगशाळा लागते. ‘प्रजनक ठेवले की झालं’ इतकं सोपं नाही.

अजून एक. ‘टिकणारा’ म्हणजे कोणता? जंतूला आत येऊ न देणारा, की जंतू अंगात घेऊनही न मरणारा? यातल्या दुसऱ्या प्रकारचा मासा शेजारच्या तळ्याला साथ पुरवतो. दोघांत फरक न करता निवड केली, तर आपण निरोगी दिसणारे वाहक वाढवून बसू.

झिंगेवाला

राहतो नागपुरात, पण धंदा आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या खाद्याचा. कोळंबीची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो.

पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू 1992 च्या सुमारास तैवान-चीनकडे उगवला, 1994-95 मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावर आला आणि वाघ कोळंबीचा धंदा आडवा केला. कोळंबीच्या अंगात आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात, त्यामुळे नेहमीची लस तिथे चालत नाही. मग उरली निवड. ती लोकांनी करून पाहिली. या विषाणूला टिकण्याचा गुण पिढीत फार कमी उतरतो, आणि कोलंबियातल्या कामात तर जास्त टिकणाऱ्या कुटुंबांची वाढ कमी दिसली. शेतकरी वजनावर पैसे घेतो. हळू वाढणारी, तरी मरणारी कोळंबी कोण पाळेल?

याच्या उलट टॉरा रोग. इक्वेडोरमधला, तोही नव्वदच्या दशकातला. त्यावर निवडलेल्या व्हॅनामेई या कोळंबीच्या जातीच्या ओळी खरंच टिकल्या. म्हणजे ‘निवड चालते का’ याला एक उत्तर नाही, रोगागणिक उत्तर वेगळं.

आणि एक घोळ थांबवा. 2009 पासून आपण जी व्हॅनामेई आणतो ती एसपीएफ, म्हणजे ठरावीक जंतू नसलेली. तिची चेन्नईत विलगीकरण केंद्रात तपासणी होते. एजंट मात्र सांगतात ‘रोग लागतच नाही’. अहो, जंतू नसणं म्हणजे जंतूला टिकणं नव्हे. स्वच्छ बीज घाण तळ्यात टाकलं की तेही मरतं. आमच्याकडे ज्यांनी पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुकीय तपासणी, करून बीज घेतलं, तळं वाळवलं, खेकडे आत येऊ नयेत म्हणून कडेने जाळी लावली, ते तगले. मला विचाराल तर पैसा तिथे लावा, रोहूच्या बाबतीतही.

मामा_तलाव

भाऊ, तुमाले सगळ्याले वाचलं. मी भंडारा जिल्ह्यातल्या ढीवर सोसायटीचा सचिव. आमच्याकडे मालगुजारी तलाव, म्हणजे तुम्ही म्हणता ते मामा तलाव. मासा रोगानं मरते का? मरते, पण त्याच्या आधीच लय मरते.

बीज येते बंगालचं, ड्रममंदी, रेल्वेनं. इथे उतरलं की निम्मं उलटं. जे जिवंत ते पाठवणाऱ्यानं कोणत्या आईबापाचं दिलं हे देवाले ठाऊक. एकाच कुंडात रोहू अन् कटला सोडून पैदास करतात, मंग पोट्टे येते ते ना धड रोहू ना धड कटला. तलाव उन्हाळ्यात सुकते, गाळ काढला नाही, बेशरम अन् जलपर्णी वाढली. तिथे पारखलेलं महाग बीज सोडून मी काय करू? ते पाण्याच्या अभावानं मरन, रोगानं नाही.

अन् ठेक्याचा हिशेब पण पाहा. तलाव काही सालांसाठी मिळते. बीज चांगलं लागलं, पुढच्या ठेक्यात दुसराच आला, तं माझा पैसा गेला त्याच्या जाळ्यात.

गृहिणी_धरमपेठ

मंगळवारी बाजारातून रोहू आणते मी. एवढंच विचारायचं होतं, हे जीएम आहे का? घरात मुलं आहेत.

सूक्ष्मदर्शी

@गृहिणी_धरमपेठ, नाही. इथे ज्याची चर्चा चालू आहे तो निवडून वाढवलेला मासा आहे, जनुक बदललेला नाही. तसा एक सामन अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झाला होता, तो जलद वाढीसाठी, रोगासाठी नव्हे. खाताना काळजी औषधाच्या अंशांची करा. ती आजही खरी आहे.

पऱ्हाटी

बरोबर मुद्दा. आज नाही, पण क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने जनुकात फेरफार करून रोग अडवायचं काम सामनवर प्रयोगशाळेत चालूच आहे. वनस्पतींमधल्या अशा काही फेरफारांना आपल्या सरकारने 2022 मध्ये सूट दिलीच की. माशांची पाळी कधी, ते सांगा.

बोटुकली_नागपूर

आली तर तेव्हा भांडू, मीही तुमच्या बाजूला असेन कदाचित. आजचा धागा निवडीपुरता ठेवू.

@झिंगेवाला, पांढऱ्या ठिपक्यांवरून रोहूचं ठरवू नका. स्वतःच म्हणालात, रोगागणिक वेगळं. एरोमोनासच्या बाबतीत रोहूत गुण पुढे उतरताना दिसलाय. तो वाढीच्या आड येतो का हे मोजावं लागेल, त्यासाठीच तर इथे प्रजनक हवेत म्हणतोय.

@मामा_तलाव, तुमचं म्हणणं सगळ्यात जड. पण त्यातला अर्धा भाग माझ्याच बाजूचा आहे. कुंडात रोहू-कटला एकत्र, मोजक्याच नर-मादींची पिल्लं पुन्हा एकमेकांत: कर्नाटकातल्या हॅचऱ्यांत अशी जवळच्या नात्यातली पैदास वाढत चाललीय हे 1990 मध्येच मोजून दाखवलं गेलंय. 1957 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काच्या टोचणीने माशांचं प्रजनन जमवलं, तेव्हापासून बीज मुबलक झालं, पण आईबाप कोण हे विचारायची सवय लागलीच नाही. तुमच्याकडे येतं ते बीज रोगाला टिकणारं सोडा, धड जातीचंही नसेल तर गाळ काढूनही काय हाती येणार? मागणी लहान करतो. औषधाच्या अनुदानातला एक हिस्सा पूर्व विदर्भातल्या एका हॅचरीला द्या, जयंतीचे प्रजनक ठेवायला आणि नोंदी ठेवायला. बाकीचा तुमच्या गाळाला.

सूक्ष्मदर्शी

नोंदींसोबत मेलेल्या माशांची तपासणीही धरा. मेला म्हणजे एरोमोनासनेच मेला, हे गृहीत धरून निवड करत बसलो तर भलत्याच गुणाची पैदास होईल. ऑक्सिजन संपूनही मासा मरतो, आणि पाण्याच्या ताणाने आधीच अशक्त झालेल्यालाच एरोमोनास जास्त गाठतो.

मामा_तलाव

हॅचरी द्याच, पण आमच्या जिल्ह्यात द्या, नागपुरात नको. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, ट्रकनं दोन तासांच्या आत तलावावर आली पाह्यजे. अन् ती हॅचरी सोसायट्यांच्या संघाकडे द्या, एकट्या ठेकेदाराकडे नको. एवढं लिहून देत असाल तं पुढच्या सभेत मी ठराव मांडतो. गाळाचं मात्र आधी, जून लागायच्या आत.

पऱ्हाटी

ठरावात एक ओळ घाला: बीज सोसायटीचं, पैदास करायचा हक्क सोसायटीचा. ती ओळ नसेल तर माझा विरोध कायम.